अशील खोलीत नसताना

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांत चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे आहेत. त्यांतला एक पर्यायी वादनिवारणाचा. वाटाघाटीचं कौशल्य रचलेल्या प्रसंगांच्या सरावातून शिकवावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मूट कोर्टाकडे मुलं हौसेने धावतात. हा पेपर मात्र अनेक ठिकाणी जर्नल भरून आणि तोंडी परीक्षा देऊन उरकला जातो.

हे बदलायला हवं. दिवाणी वकिलाच्या आयुष्यात युक्तिवादाचे दिवस थोडे आणि 'बघा ना, मिटतंय का' असं म्हणण्याचे दिवस फार. शिवाय कायदाही त्याच दिशेने सरकला आहे. कमर्शियल कोर्ट्स ॲक्टमध्ये 2018 साली 12-अ कलम आलं. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी करून पाहावी लागते, आणि ती सक्तीचीच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये पाटील ऑटोमेशन खटल्याच्या निकालात सांगितलं. पुढच्याच वर्षी मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. आज शिकणारी मुलं उद्या कोर्टात उभी राहण्याआधी समोरच्या वकिलाबरोबर टेबलावर बसणार आहेत. गोव्यात मिरामारच्या साळगावकर कायदा महाविद्यालयाची 'लेक्स इन्फिनिटम' किंवा पॅरिसला 2006 पासून भरणारी इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची (आयसीसी) मध्यस्थी स्पर्धा, अशा ठिकाणी जाणाऱ्या मुलांची तयारी होते. बाकीच्यांचं काय?

सरावाची पद्धत सोपी आहे. दोन्ही बाजूंना माहितीचा एक सामाईक कागद मिळतो आणि प्रत्येक बाजूला आपापल्या अशिलाचा एक गोपनीय कागद. दोघादोघांच्या जोड्या, साधारण पाऊण तास ते तास, मध्ये एक छोटी विश्रांती, समोर परीक्षक. इथे उदाहरणाला घेतलेला खटला सरावासाठी रचलेला आहे आणि त्यावर बोलणारे दोघेही कल्पनेतले. कायदे, कलमं आणि निकाल मात्र खरे.

भोसरीतला एक लघुउद्योजक चाकणच्या एका मोठ्या कंपनीला दाबकामाचे सुटे भाग पुरवतो. जूनमध्ये माल पोचला, बिल 42 लाखांचं. आता मार्च उजाडला तरी पैसे नाहीत. कंपनी म्हणते, नऊ लाखांचं रिजेक्शन आहे, डेबिट नोट काढली आहे. कंपनीच्या मालकीच्या चार डाय (दाबकामाचे साचे) अजून भोसरीच्या शेडमध्ये पडून आहेत. उद्योजकाच्या गोपनीय कागदावर तीन ओळी आहेत: 34 लाखांच्या खाली विचारल्याशिवाय यायचं नाही, 31 मार्चच्या आत बँकेत 15 लाख भरायचेच आहेत, आणि धंद्यातला चाळीस टक्के माल याच कंपनीला जातो, संबंध तुटू द्यायचे नाहीत.

उद्योजकाच्या बाजूने बसलेल्या मुलांनी 40 लाखांवर मिटवलं. परीक्षक खूश झाले. खोलीत मागे बसलेले दोघे मात्र खूश नव्हते, आणि त्यांची कारणं वेगवेगळी होती. एक जण शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात आयुष्य घालवलेले ज्येष्ठ वकील. त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात. दुसऱ्या, पूर्वी वकिली केलेल्या आणि आता पूर्णवेळ मध्यस्थीचं काम करणाऱ्या मॅडम.

"सुरुवातच चुकली," वकीलसाहेब म्हणाले. "समोरच्याने '33 लाख देतो' म्हटलं आणि आपली मुलं तिथून वर चढत बसली. पहिला आकडा आपला हवा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायदा 2006 सालचा आहे. मुदत जास्तीत जास्त 45 दिवस, ती ओलांडली की बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट सहा टक्के धरला तर अठरा टक्के झाले. ऑगस्टपासून सात महिने मोजा, साडेचार लाखांच्या वर जातं. मी साडेशेहेचाळीस लाख म्हणून बसलो असतो आणि कलम 16 पुढे सरकवलं असतं."

पहिल्या आकड्याच्या ताकदीबद्दल त्यांचं म्हणणं निव्वळ अनुभवाचं नाही. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी 1974 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते 10 किंवा 65 वर थांबेल अशी आधीच सोय केलेली. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांनी 10 पाहिलं त्यांचा मधला अंदाज 25 टक्के, ज्यांनी 65 पाहिलं त्यांचा 45. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी मन त्या आकड्याभोवतीच फिरत राहिलं. मग कायद्याच्या कलमावर उभा असलेला आकडा किती खोल रुतत असेल!

मॅडमनी मान हलवली, पण त्या तिथे थांबल्या नाहीत. "साहेब, आकडा आपण आधी सांगावा, हे मलाही पटतं. पण त्याच्याही आधी एक प्रश्न हवा होता. रिजेक्शनचं पत्र कधी आलं?"

"डेबिट नोट ऑगस्टअखेरची आहे. सामाईक कागदावर आहे ते."

"आणि माल जूनमध्ये पोचला. त्याच कायद्यात म्हटलंय, माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं मानायचं. मुलांनी विचारायला हवं होतं, 'पहिली लेखी हरकत कधी घेतलीत?' समोरच्याने तारीख सांगितली की नऊ लाखांचा मुद्दा तिथेच अर्धा पडला असता. मुलांनी मात्र त्या नऊ लाखांवर वीस मिनिटं घासाघीस केली आणि अखेर दोन लाख सोडले."

वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. हे तर हातातलं हत्यार आहे, ते म्हणाले.

"हत्यार आहे, पण ते विचारल्यामुळे हाती येतं," मॅडम म्हणाल्या. "आणि विचारण्याआधी एक गोष्ट अशिलाकडून तपासून घ्यायला हवी. पुरवठ्याच्या वेळी त्याची उद्यम नोंदणी होती का? नंतर केलेल्या नोंदणीला या कायद्याचा फायदा मिळतो का, यावर कोर्टांत बराच वाद झाला आहे. नोंदणीच नसेल आणि मुलं कलम 16 आपटत असतील, तर समोरचा वकील एका वाक्यात त्यांना गप्प करेल."

इथे वाचणाऱ्याने जरा थांबावं. बहुतेक विद्यार्थी सरावाची तयारी म्हणजे युक्त्यांची तयारी समजतात: आकडा किती फुगवायचा, कुणी कडक बोलायचं, कुणी गोड बोलायचं. वर आलेल्या दोन्ही गोष्टी, पत्राची तारीख आणि नोंदणीची तारीख, कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त वजनाच्या आहेत. त्या कागद वाचून आणि अशिलाला विचारून मिळतात. टेबलावर बसल्यावर त्या सुचत नाहीत.

खरी ठिणगी पडली ती डायवरून. वकीलसाहेबांचं मत रोखठोक होतं: पैसे येईपर्यंत डाय हलू द्यायच्या नाहीत. कंपनीला नवं उत्पादन सुरू करायचं असेल तर त्या लागणारच. नाक दाबलं की तोंड उघडतं.

"कायद्यात बसतं का ते?" मॅडमनी विचारलं. "करार कायद्याचं 170 वं कलम तुम्हीच मला शिकवलंत. ठेवायला दिलेल्या वस्तूवर कसब वापरून काम केलं असेल, तर त्या कामाच्या पैशांसाठी ती वस्तू अडवता येते. इथे काम डायवर झालेलं नाही, डायने झालेलं आहे."

वकीलसाहेब क्षणभर गप्प राहिले. "दावा कच्चा आहे, मान्य. पण फुकट द्यायच्या नाहीत. जे जे द्याल त्याची किंमत वसूल करा. मुलांनी काय केलं? 'डाय आम्ही उद्याच पाठवतो' असं पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाकलं. सौजन्य म्हणून! बदल्यात काही मागितलं नाही."

यावर मॅडमकडे उत्तर नव्हतं, कारण साहेबांचं बरोबर होतं. त्यांनी फक्त भर घातली: अडवून ठेवण्याची धमकी देण्याऐवजी वेळापत्रक मांडावं. पहिला हप्ता खात्यात आला की दोन डाय, दुसरा आला की उरलेल्या दोन. दोन्ही बाजूंना जपणारी गोष्ट, आणि भोसरीच्या माणसाला पुढची ऑर्डर मागायला तोंड राहतं.

मग विषय 31 मार्चवर आला.

"गरज कधीही सांगायची नाही," वकीलसाहेब म्हणाले. "आपल्याला घाई आहे हे कळलं की समोरचा ताणून धरणार. तेवढं तरी मुलांनी नीट केलं, बँकेचा शब्दही काढला नाही."

"आणि म्हणूनच आठ हप्ते पदरात घेतले," मॅडम म्हणाल्या. "महिन्याला पाच लाख. मार्चअखेर हातात पाच लाख येणार. बँकेला पंधरा द्यायचेत. 40 लाखांचा आकडा कागदावर छान दिसतो, पण अशिलाचं खातं एप्रिलमध्ये गोत्यात."

"मग काय, सांगून टाकायचं?"

"कारण सांगू नका. मागणी सांगा. आणि कारण त्यांच्या बाजूचं द्या."

त्यांनी जे पुढे मांडलं, ते या सरावातलं सगळ्यात सुंदर उत्तर होतं. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात 43-ब (ह) ही तरतूद आणली आणि 2024-25 या कर आकारणी वर्षापासून ती लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा करता येतो. थकलेले पैसे 31 मार्चपूर्वी दिले तर कंपनीला त्याच आर्थिक वर्षात वजावट मिळते. एप्रिलवर ढकलले तर वर्षभर थांबावं लागतं. म्हणजे ज्या तारखेची भोसरीच्या माणसाला निकड, तीच तारीख चाकणच्या हिशेब विभागालाही महत्त्वाची. मुलांनी एवढंच म्हणायला हवं होतं: "जितकी रक्कम मार्चअखेर द्याल, तितका खर्च याच वर्षी वजा होईल. मग 25 लाख आता का नकोत?" बँकेचा उल्लेख नाही, खोटं नाही, गरज उघडी पडली नाही. एकाची अडचण आणि दुसऱ्याचा फायदा एका तारखेवर येऊन मिळाले.

वकीलसाहेबांनी वही काढून ते लिहून घेतलं. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस असं लिहून घेतो, हे बघायला मिळणं हाच विद्यार्थ्यांसाठी एक धडा होता.

मॅडमच्या पठडीचं मूळ 1981 साली आलेल्या 'गेटिंग टू येस' या पुस्तकात आहे. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी त्यात सांगितलं की माणूस जे मागतो त्याच्या मागे त्याला खरं काय हवं असतं, ते शोधावं. त्यांचं आवडतं उदाहरण 1978 च्या कॅम्प डेव्हिडमधल्या इजिप्त-इस्रायल बोलण्यांचं. सिनाई इस्रायलने 1967 च्या युद्धात घेतलेला. इजिप्तला तो सगळा परत हवा होता, इस्रायलला थोडा तरी ठेवायचा होता. नकाशावर रेषा कुठेही मारली तरी जमेना. इजिप्तला सार्वभौमत्व हवं होतं आणि इस्रायलला सुरक्षितता, हे पुढे आल्यावर सिनाई परत देऊन त्याचा मोठा भाग रणगाड्यांपासून मुक्त ठेवण्याचा मार्ग निघाला.

वकीलसाहेबांना हे उदाहरण अपुरं वाटतं. "1973 चं युद्ध झालं नसतं, अमेरिकेचं वजन मागे नसतं, तर नुसत्या हितसंबंधांच्या गप्पांवर कुणी वाळूचा कण सोडला नसता. बोलणी फिसकटली तर आपल्याकडे दुसरं काय आहे, त्यावर टेबलावरची किंमत ठरते."

फिशर आणि युरींनीही हेच लिहिलं आहे, हे मॅडमनी लक्षात आणून दिलं. तडजोड झाली नाही तर अशिलाकडे उरणारा सगळ्यात चांगला पर्याय, ही त्यांच्याच पुस्तकातली कल्पना. इथे तो पर्याय म्हणजे 2006 च्या त्याच लघुउद्योग कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज. तिथला निवाडा कंपनीला कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर भक्कम पर्याय. पण कौन्सिलचा निकाल यायला वेळ लागतो, आणि ज्याचा चाळीस टक्के धंदा एकाच कंपनीवर चालतो त्याने तिच्याविरुद्ध अर्ज केला तर पुढची ऑर्डर येईल का? पर्यायाचं वजन कायद्याच्या पुस्तकात मोजून भागत नाही, त्या माणसाच्या शेडमध्ये जाऊन मोजावं लागतं. या मुद्द्यावर प्रस्तुत लेखाचा कल मॅडमकडे आहे. विद्यार्थी पर्याय लिहितात तो वकिलाचा. अशिलाला झेपणारा पर्याय फार कमी जण लिहितात.

एका बाबतीत दोघांचं लगेच एकमत झालं. बोलणी अडल्यावर एका विद्यार्थ्याने ठोकून दिलं होतं, "आमच्याकडे दुसरी मोठी कंपनी ऑर्डर घेऊन तयार आहे." गोपनीय कागदावर असं काहीही नव्हतं.

वकीलसाहेब इथे सगळ्यांत कडक होते. "माझी किमान रक्कम मी सांगणार नाही. गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, करार कायद्याच्या कलम 17 च्या स्पष्टीकरणातच ते आहे, जिथे बोलण्याचं बंधन असतं ते प्रसंग सोडून. पण जे खरं नाही ते खरं म्हणून सांगणं ही फसवणूकच, आणि कलम 19 प्रमाणे समोरचा तो करार मोडू शकतो. अशिलाला तडजोड मिळवून दिली आणि सहा महिन्यांनी ती उडाली, तर वकिलाने मिळवलं काय?" अमेरिकेतल्या कायदा विद्यार्थ्यांच्या वाटाघाटी स्पर्धांत तर आपल्या फायद्याची नवी महत्त्वाची माहिती रचायला नियमानेच मनाई आहे. आपल्या महाविद्यालयांनीही ती पहिल्या दिवशी वाचून दाखवावी. बार कौन्सिलचे नियम अशिलाचं हित न्याय्य आणि सन्माननीय मार्गांनी जपायला सांगतात, आणि ते सरावालाही लागू आहेत असंच मुलांनी धरावं. सरावात थाप मारून गुण मिळाले तर ती सवय पुढे वकीलपत्रावर जाते.

वकीलपत्रावरूनच शेवटचा आणि सगळ्यात गंभीर मुद्दा निघाला. 40 लाख मिळवताना मुलांनी पुढच्या वर्षभराच्या दरांत तीन टक्के सूट कबूल केली होती. समोरच्याने हळूच मागितली, वेळ संपत आली होती, देऊन टाकली.

"हे सांगितलं कुणी त्यांना?" वकीलसाहेबांचा आवाज चढला. "छापील वकीलपत्रात तडजोडीचा अधिकार देणारी ओळ असते म्हणून वाटेल ते कबूल करता येत नाही."

कायदा इथे सरळ रेषेत आलेला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3 मध्ये 1976 च्या दुरुस्तीने तडजोड लेखी हवी आणि तिच्यावर पक्षकारांची सही हवी, असं घातलं. 1991 मध्ये बायराम पेस्तनजी गारीवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की या शब्दांमुळे वकिलाचा अशिलाच्या वतीने सही करण्याचा परंपरागत अधिकार संपत नाही. पुढे 2015 मध्ये हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बजावलं की अशिलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याचे हक्क सोडून देऊ नयेत. दोन्ही निकाल एकत्र वाचले की वाट कळते: अधिकार आहे, पण तो अशिलाच्या सांगण्यापुरता.

"म्हणून विश्रांतीची पाच मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "आपली मुलं तेव्हा पाणी पीत आणि एकमेकांची पाठ थोपटत होती. त्या वेळात गोपनीय कागद पुन्हा वाचायचा आणि टेबलावरच्या प्रत्येक मुद्द्यासमोर लिहायचं: सांगितलंय, सांगितलेलं नाही. जे सांगितलेलं नाही त्यावर म्हणायचं, 'अशिलाला विचारून कळवतो.' कॅम्प डेव्हिडला तेरा दिवसांत सुमारे तेवीस मसुदे झाले. अमेरिकेने मसुदा लिहायचा, दोघांनी टीका करायची, पुन्हा लिहायचा. कुणालाही घाईत हो म्हणावं लागलं नाही. आपल्याकडे पाऊण तास आहे; एक मसुदा तरी टेबलावर लिहून दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचावा. ती तीन टक्क्यांची ओळ मोठ्याने वाचली असती तर कुणाला तरी खटकली असती."

वकीलसाहेबांनी हे मान्य केलं, आणि परीक्षकांवरही बोट ठेवलं. गुणपत्रिकेत आत्मविश्वास, भाषा, संघभावना, निकालाची रक्कम असे रकाने होते. अशिलाच्या सूचना पाळल्या का, असा रकानाच नव्हता.

महाविद्यालयांना म्हणूनच एक आग्रहाची विनंती. वाटाघाटीच्या सरावात दोन्ही बाजूंना एकेक विद्यार्थी अशील म्हणून द्या. त्याच्याकडे गोपनीय कागदापेक्षा थोडी जास्त माहिती असू द्या: उद्यम नोंदणीची तारीख, बँकेचं पत्र, कंपनीच्या खरेदी विभागाशी झालेलं बोलणं. फेरीआधी वीस मिनिटं वकिलांना त्याची मुलाखत घेऊ द्या; जे विचारतील तेवढंच त्याने सांगावं. फेरीत त्याला बाहेर बसवा. संपल्यावर मसुदा त्याच्या हातात द्या, आणि त्याने सही नाकारली तर कारण सगळ्यांसमोर ऐकून घ्या आणि त्या कारणाला गुणपत्रिकेत जागा द्या. याला नवा नियम लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. येत्या सत्रापासून सुरू करता येईल.